दहाव्या वर्षी झालेली पहिली बैठक

१७ जानेवारी २०१५ ला राज्याच्या जल आराखड्याला मान्यता देणाऱ्या राज्य जल परिषदेची बैठक झाली. तिची दखल घ्यावी असे एकच कारण होते. ती परिषदेची पहिलीच बैठक होती, आणि परिषद स्थापन करणारा कायदा २००५ चा होता. मधल्या काळात विलासराव देशमुख, अशोक चव्हाण आणि पृथ्वीराज चव्हाण असे तीन मुख्यमंत्री होऊन गेले. तिघेही पदामुळे या परिषदेचे अध्यक्ष होते. चौथ्यांच्या, म्हणजे देवेंद्र फडणवीसांच्या काळात बैठकीला मुहूर्त लागला, तोही न्यायालयात प्रकरण गेल्यावर.

मंडळे आणि महामंडळे म्हटली की आपली चर्चा नेमणुकांभोवती फिरते. कोणाची वर्णी लागली, कोणती अध्यक्षपदे रिकामी आहेत, कोणाला राज्यमंत्र्याचा दर्जा मिळाला, एवढ्यावरच ती संपते. हे प्रकरण मी मुद्दाम निवडले, कारण यात वर्णी लावण्याचा प्रश्नच नव्हता. परिषदेतली सगळी माणसे पदसिद्ध होती. एकही खुर्ची रिकामी नव्हती. तरीही दहा वर्षे तिथे कोणी बसले नाही.

कायद्याची मांडणी

महाराष्ट्राने २००३ मध्ये राज्य जलनीती आणली. २००५ मध्ये जागतिक बँकेच्या ३२.५ कोटी डॉलर कर्जाचा जलक्षेत्र सुधार प्रकल्प आला आणि त्याच वर्षी दोन कायदे झाले. एक, शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा, ज्यातून पाणी वापर संस्थांना कायद्याचा आधार मिळाला. दुसरा, महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम. या दुसऱ्या कायद्याचे नाव प्राधिकरणाचे असले तरी त्याच्या पोटात तीन वेगवेगळ्या संस्था आहेत. त्यांची घडण एकमेकींहून इतकी वेगळी आहे की प्रशासनाच्या विद्यार्थ्याने त्या शेजारी शेजारी मांडून वाचाव्यात.

पहिली संस्था खुद्द प्राधिकरण, जलक्षेत्रातल्या लोकांच्या तोंडी ‘मजनिप्रा’. मूळ कायद्यात अध्यक्ष मुख्य सचिवाच्या दर्जाचा किंवा त्या दर्जावरून निवृत्त झालेला, एक सदस्य जलसंपदा अभियांत्रिकीतला तज्ज्ञ आणि एक जलसंपदा अर्थशास्त्रातला. त्यांच्या जोडीला पाच खोऱ्यांतून पाच विशेष निमंत्रित. विधी आणि भूजल या क्षेत्रांतले सदस्य नंतरच्या दुरुस्तीने वाढले. निवड करणारी समिती मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची, नेमणूक राज्यपालांच्या नावे. पहिले अध्यक्ष माजी मुख्य सचिव अजित निंबाळकर. ही पूर्णवेळ माणसांची संस्था. तिला स्वतःचे कार्यालय, स्वतःचा सचिव आणि सुनावणी घेण्याचे अधिकार.

दुसरी, राज्य जल मंडळ. अध्यक्ष मुख्य सचिव आणि सदस्य निरनिराळ्या विभागांचे सचिव. तिसरी, राज्य जल परिषद. अध्यक्ष मुख्यमंत्री आणि सदस्य संबंधित खात्यांचे मंत्री. या दोन्ही संस्थांत प्रत्येक जण दुसऱ्या कुठल्या तरी पदावर असल्यामुळे आलेला. दोन्हींचे सदस्य सचिवपद जलसंपदा विभागाकडे. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

तिघींची कामे साखळीसारखी जोडलेली होती. पाच पाटबंधारे विकास महामंडळांना (कृष्णा खोरे, विदर्भ, तापी, कोकण आणि गोदावरी मराठवाडा) कायद्याने व्याख्येतल्या एका ओळीत ‘नदी खोरे अभिकरण’ करून टाकले. त्यांनी आपापल्या खोऱ्याचा जल आराखडा करायचा. ते आराखडे एकत्र करून जल मंडळाने सहा महिन्यांत एकात्मिक राज्य जल आराखड्याचा मसुदा मांडायचा. पुढच्या सहा महिन्यांत जल परिषदेने त्याला मान्यता द्यायची. नवा प्रकल्प या आराखड्यात बसतो की नाही, हे तपासायचे काम प्राधिकरणाचे.

थोडक्यात, वर्षभरात राज्याच्या पाण्याचा ताळेबंद तयार व्हायचा आणि त्यानंतर कोणतेही धरण त्या ताळेबंदाबाहेर बांधता यायचे नाही.

साखळी कुठे अडली

महामंडळे मुळात बांधकामासाठी जन्मली होती. कृष्णा खोरे १९९६ चे, शेवटचे गोदावरी मराठवाडा १९९८ चे. रोखे काढून पैसा उभा करायचा, निविदा काढायच्या, धरणे-कालवे पुरे करायचे, यासाठी ती होती. जलसंपदा मंत्री त्यांचे अध्यक्ष, वरिष्ठ अभियंता कार्यकारी संचालक. कायद्याने त्यांना खोऱ्याचे नियोजक म्हटले, पण माणसे तीच राहिली, खाती तीच राहिली आणि दारावरची पाटीसुद्धा बदलली नाही. ज्याला बांधायचे आहे त्यानेच किती बांधता येईल याची बेरीज मांडायची होती. ती बेरीज पुढे सरकली नाही यात नवल नाही.

खोऱ्यांचे आराखडे आले नाहीत म्हणून जल मंडळापुढे विषय नाही, मंडळाचा मसुदा नाही म्हणून परिषदेपुढे विषय नाही. कागदोपत्री प्रत्येकाकडे बिनतोड उत्तर होते. मंडळाची पहिली बैठक व्हायला २०१३ उजाडले.

या काळात धरणे मात्र थांबली नव्हती. एकट्या गोदावरी खोऱ्यात १९० च्या आसपास प्रकल्पांना आराखडा नसताना मान्यता मिळाल्याचे पुढे उघड झाले. जलतज्ज्ञ प्रदीप पुरंदरे यांनी २०१४ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिका केली. आराखडा नाही, मंडळ बसलेले नाही, परिषद बसलेली नाही, मग प्रकल्प कशाच्या आधारावर मंजूर होतात, एवढाच साधा प्रश्न. न्यायालयाने आराखड्याशिवाय नव्या प्रकल्पांना मान्यता देण्यावर बंदी घातली. बंदीमुळे पहिल्यांदाच आराखडा नसणे कोणाला तरी महागात पडू लागले. त्या आधी मुदत हुकली म्हणून कोणाचेच काही अडत नव्हते. प्रशासकीय मान्यता, सुधारित प्रशासकीय मान्यता, ज्याला मंत्रालयात ‘सुप्रमा’ म्हणतात, सगळे आराखड्याला वळसा घालून चालू होते.

बंदी आली आणि परिषद बसली.

जी बसत होती, तिचे काय

प्राधिकरणाची गोष्ट उलटी आहे. ते बसत होते, कामही करत होते. ठोक जलदराचे, म्हणजे घाऊक पाण्याच्या दराचे, निकष ठरवताना त्याने मसुदा प्रसिद्ध केला, ठिकठिकाणी सुनावण्या घेतल्या, शेतकरी, कारखानदार, पाणी वापर संस्था सगळ्यांचे ऐकले आणि २०११ मध्ये पहिला आदेश काढला. सरकारी दर असे उघड्यावर ठरलेले महाराष्ट्राने तोवर फारसे पाहिले नव्हते.

पण मूळ कायद्यातला सगळ्यांत वजनदार अधिकार दरांचा नव्हताच. सिंचन, पिण्याचे पाणी आणि उद्योग यांच्यात कोणाला किती, हे ठरवण्याचा तो होता. म्हणजे क्षेत्रीय वाटप. प्रत्यक्षात २००३ पासून हे वाटप मंत्र्यांची उच्चाधिकार समिती करत होती, अध्यक्ष जलसंपदा मंत्री. प्राधिकरण आल्यावरही ती थांबली नाही. सिंचनाचे पाणी शहरांकडे आणि औष्णिक वीज प्रकल्पांकडे वळवण्याचे निर्णय तिथेच होत राहिले. अमरावती जिल्ह्यातल्या ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी वीज प्रकल्पाला देण्यावरून वाद न्यायालयात गेला आणि मुद्दा ऐरणीवर आला : अधिकार प्राधिकरणाचा असताना समितीने वाटप केले कसे?

२०११ मध्ये विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली. क्षेत्रीय वाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला आणि आधी झालेल्या वाटपांना संरक्षण मिळाले.

आता दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात. ज्या संस्थांत सत्ता होती त्या बसल्या नाहीत. जी बसत होती तिच्याकडून सत्ता काढून घेतली. मला वाटते, हे कोणा एका मंत्र्याचे कारस्थान म्हणून वाचणे चूक ठरेल. तिन्ही संस्थांच्या घडणीतच हे लिहिलेले होते.

घडणीकडे पुन्हा एकदा

पदसिद्ध सदस्यांच्या मंडळाचा फायदा ढळढळीत आहे. नगरविकास, कृषी, वित्त आणि पाणीपुरवठा या विभागांचे सचिव एका टेबलाभोवती बसून एखादा आराखडा मान्य करतात, तेव्हा तो सगळ्या विभागांवर बांधील होतो. बाहेरच्या तज्ज्ञाला हे कधी जमणार नाही. तोटा तेवढाच ढळढळीत. ते मंडळ त्यांतल्या कोणाचेही मुख्य काम नसते.

हे जवळून पाहायचे तर कुठल्याही जिल्हास्तरीय समितीच्या बैठकीला जावे. मी अशा एका समितीवर काही काळ अशासकीय सदस्य होतो. बैठकीची सूचना आदल्या दिवशी दुपारी यायची, सोबत मागच्या बैठकीचे इतिवृत्त, तेही सहा महिने जुने. हजेरीपटावर पदनामे ओळीने छापलेली, आणि निम्म्याहून अधिक सह्यांच्या आधी बारीक अक्षरात ‘करिता’. साहेब आलेले नाहीत, साहेबांकरिता कोणीतरी आले आहे. या ‘करिता’ मंडळींना बोलता येते, पण होकार देता येत नाही. मग विषयापुढे ‘विभागाचे अभिप्राय घेऊन पुढील बैठकीत सादर करावा’ असे लिहिले जाते. ज्याला अभिप्राय द्यायचा तो पुढच्या वेळीही ‘करिता’च पाठवतो. मुख्य सचिवांच्या मंडळात एवढी ढिलाई नसेल हे मान्य, पण मुख्यमंत्र्यांच्या परिषदेला ‘करिता’सुद्धा चालत नाही. मुख्यमंत्र्यांकरिता कोण बसणार? अध्यक्ष जितका मोठा तितकी तारीख मिळणे कठीण, आणि तारीख मागण्याची हिंमत करणाराही तितकाच दुर्मीळ.

तारीख कोणी मागायची, तर सदस्य सचिवाने. मंडळाच्या कामकाजात सदस्य सचिव म्हणजे घड्याळाची चावी. विषयपत्रिका तो काढतो, टिपणी तो लिहितो, इतिवृत्तातला शब्दही त्याचाच. इथे ही चावी जलसंपदा विभागाच्या हाती होती. आराखडा झाला असता तर सर्वांत आधी हात बांधले गेले असते ते याच विभागाचे. स्वतःवर अंकुश ठेवणारी बैठक कोणी स्वतःहून बोलावत नाही. माझ्या मते या प्रकरणाचे मर्म इथे आहे. अध्यक्ष कोण यावर आपण इतकी शाई खर्च करतो, सदस्य सचिव कोण हे फारसे कोणी विचारत नाही.

तुलनेसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा पाया असलेला १९७४ चा जल प्रदूषण कायदा पाहावा. त्यात राज्य मंडळाची रचना आकड्यांनिशी दिली आहे : अध्यक्ष, शासनाचे जास्तीत जास्त पाच प्रतिनिधी, स्थानिक संस्थांमधून जास्तीत जास्त पाच, शेती, मत्स्यव्यवसाय, उद्योग यांसारख्या हितसंबंधांचे जास्तीत जास्त तीन अशासकीय, सरकारी कंपन्या-महामंडळांचे दोन, आणि एक पूर्णवेळ सदस्य सचिव. शिवाय मंडळाने तीन महिन्यांतून किमान एकदा भेटले पाहिजे, असे कलमच आहे. त्या मंडळांविषयी तक्रारी काही कमी नाहीत. अध्यक्ष आणि सदस्यांच्या पात्रतेचे नियम करा, असे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले. पण ती मंडळे बसतात, भांडतात आणि त्यांच्या बैठकांचे कागद मागवता येतात. जल परिषदेच्या बाबतीत पात्रतेचा प्रश्नच नव्हता. राज्यात मुख्यमंत्र्यांपेक्षा मोठी पात्रता कोणती?

विशेष निमंत्रितांबद्दलही थोडे. प्राधिकरणाच्या रचनेत खोऱ्यांचा आवाज म्हणून त्यांची योजना होती. पण निमंत्रित हा सल्ल्याचा धनी, निर्णयाचा नाही. मराठवाड्यातल्या शेपटाकडच्या, म्हणजे पाणी सर्वांत शेवटी पोचते त्या टोकाच्या, शेतकऱ्याचे म्हणणे मांडणारे कोणी त्या टेबलाशी असलेच तर त्याची खुर्ची भिंतीला लागून, आणि मताला किंमत इतर कोणी दिली तर.

ऑक्टोबरची परीक्षा

घडणीतले हे सगळे दोष दरवर्षी एका ठिकाणी उघडे पडतात. ते ठिकाण म्हणजे पैठणचे जायकवाडी धरण. त्याच्या वर नाशिक आणि नगर जिल्ह्यांत गंगापूर, दारणा, पालखेड, मुळा, भंडारदरा, निळवंडे ही धरणे. पाऊस वरच्या भागात जास्त, तहान खालच्या भागात जास्त.

२००५ च्या कायद्यातले कलम १२(६)(क) या बाबतीत असामान्य आहे. खोऱ्यातली टंचाई सगळ्यांनी सारखी वाटून घ्यावी, त्यासाठी ऑक्टोबरअखेर सर्व धरणांतल्या उपलब्ध पाण्याची टक्केवारी जवळपास सारखी राहील असे नियंत्रण ठेवावे, असे ते सांगते. आराखडा तयार असता तर ही टक्केवारी काढणे हे हिशेबाचे काम राहिले असते. तो नसल्यामुळे दर दुष्काळात नव्याने भांडण होऊ लागले. जल व भूमी व्यवस्थापन संस्थेचे (वॉल्मी) महासंचालक हिरालाल मेंढेगिरी यांच्या समितीने २०१३ मध्ये सूत्र मांडले आणि १९ सप्टेंबर २०१४ ला प्राधिकरणाने ते आदेशात घेतले. खरिपातला वापर धरून जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांनी ठरल्या तक्त्याप्रमाणे पाणी सोडायचे. जायकवाडीचा उपयुक्त साठा २१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्याचे ६५ टक्के म्हणजे सुमारे १४११ दलघमी, जवळपास ५० टीएमसी (अब्ज घनफूट). १५ ऑक्टोबरचे आकडे घ्यायचे, तक्ता उघडायचा, उत्तर मिळते. हिशेबाच्या वहीतली दोन पाने, पण ती भरायला या राज्याला नऊ वर्षे लागली.

वरच्या भागातून आदेशाला आव्हान दिले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१६ च्या निकालात समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. दुष्काळात पाणी सोडलेही गेले : २०१५ मध्ये १२.८४ टीएमसीचा आदेश, २०१८ मध्ये ८.९९, २०२३ मध्ये ८.६. एका अर्थाने हे यश आहे. क्षेत्रीय वाटपाचा अधिकार गमावलेले प्राधिकरण आपल्या उरलेल्या कलमावर उभे राहिले आणि टिकले. पूर्णवेळ माणसे, स्वतःचे कार्यालय, कारणांसह लेखी आदेश, या गोष्टींनी त्याला न्यायालयात तारले. परिषदेला तसे काही दाखवता आले नसते, दाखवायला इतिवृत्तच नव्हते.

पण आदेशाची अंमलबजावणी कोणाच्या सहीने होते, तेही पाहण्यासारखे आहे. ती सही गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाच्या कार्यकारी संचालकांची. वरची बरीचशी धरणे ज्यांच्या महामंडळात, जायकवाडीही त्यांच्याच महामंडळात. मुख्यमंत्र्यांपासून मुख्य सचिवांपर्यंत सगळ्या खुर्च्या ओलांडून प्रश्न शेवटी एका अभियंत्याच्या टेबलावर येऊन पडतो. नाशिक-नगरचे आमदार एका बाजूला, मराठवाड्याचे दुसऱ्या. दोन्हीकडचे फोन त्यालाच. आराखडा घडवणारी जी संस्था सगळ्यांत वरची असायला हवी होती तिने न घेतलेला निर्णय सगळ्यांत खालच्याने, दरवाजे उघडण्याच्या तारखेसह, घ्यायचा असतो.

२०२३ मध्ये त्या टेबलावरून आदेश ३० ऑक्टोबरला निघाला. कलमातल्या ‘ऑक्टोबरअखेर’मध्ये एक दिवस शिल्लक होता. मग वरच्या भागात आंदोलने, पैठणकडून प्रतिआंदोलने, आणि सर्वोच्च न्यायालयात स्थगितीची मागणी, जी मिळाली नाही. पाणी प्रत्यक्षात सुटले ते नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. तोवर वाटेतल्या नदीपात्राची तहान महिनाभराने वाढली होती.